मुंबईचे पहिले वास्तुविशारद : शिक्षणाने घडले की नोकरीने?

अनघा :

नमस्कार. मी वास्तुकलेचा इतिहास शिकवते आणि सध्या मुंबईच्या एकोणिसाव्या शतकातील सार्वजनिक इमारती व त्यांचे कर्ते या विषयावर विद्यार्थ्यांसाठी टिपण तयार करत आहे. ते करताना एका ठिकाणी अडकले आहे आणि जाणकारांचे मत हवे आहे.

पुण्यात सरकारी बांधकामासाठी माणसे तयार करणारा इंजिनिअरिंगचा वर्ग १८५४ मध्ये सुरू झाला. मुंबईत जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये स्कूल ऑफ आर्ट उभे राहिले. म्हणजे कोटाचा तट पाडून आजचा फोर्ट परिसर घडवायला सुरुवात झाली, त्याच्या आधीच शिक्षणाच्या दोन्ही सोयी उपलब्ध होत्या. असे असूनही १९०० पर्यंतच्या मोठ्या इमारतींच्या मुख्य आराखड्याखाली भारतीय नाव जवळपास सापडत नाही. १९३० नंतर मात्र अवघ्या दहा-पंधरा वर्षांत म्हात्रे, मास्तर, साठे, भुता, भेदवार, मिस्त्री अशी नावे एकापाठोपाठ एक दिसू लागतात. शाळा आणि व्यवसाय यांच्यात सत्तर-पंचाहत्तर वर्षांचे हे अंतर कसे पडले?

वर्णभेद हे कारण आहेच आणि ते मला मान्य आहे. परंतु वर्णभेद काही १९३० साली संपला नव्हता, त्यामुळे केवळ तेवढ्याने समाधान होत नाही. या माणसांना प्रत्यक्षात कोणते शिक्षण मिळत होते, आणि त्या शिक्षणानंतर त्यांच्यासाठी कोणत्या जागा रिकाम्या होत्या, या दोन गोष्टी एकत्र ठेवून कोणी विचार केला असेल तर कृपया लिहावे.

गॉथिकवेडा :

प्रश्न उत्तम आहे. उत्तराची सुरुवात भारतीयांपासून न करता इंग्रजांपासून करावी असे मला वाटते, कारण त्या पिढीतल्या इंग्रज वास्तुविशारदांचे शिक्षणही आज आपण ज्याला पद्धतशीर शिक्षण म्हणतो तसे नव्हते.

त्या काळी इंग्लंडमध्ये वास्तुविशारद होण्याचा रूढ मार्ग म्हणजे एखाद्या प्रस्थापित कार्यालयात पैसे भरून काही वर्षे उमेदवारी करणे. उमेदवाराने मालकाचे नकाशे उतरवायचे, मोजमापे घ्यायची, कामावर चकरा मारायच्या आणि जमेल तसे शिकायचे. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सने सहयोगी सदस्यत्वासाठी परीक्षा सक्तीची केली ती १८८२ मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनसचे बांधकाम सुरू झाल्यानंतर. ते टर्मिनस रचणारे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा जन्म १८४७ चा. बाथ शहराचे वास्तुविशारद चार्ल्स डेव्हिस यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली, सार्वजनिक बांधकाम खात्याची परीक्षा दिली आणि १८६७ मध्ये, वयाच्या विशीत, असिस्टंट इंजिनिअर म्हणून ते इकडे आले. आधी पुणे आणि मग मुंबई. दहा वर्षांनी, १८७७ मध्ये, त्यांची सेवा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे वर्ग झाली आणि तिशीतल्या या माणसाच्या हाती देशातले सर्वांत भव्य स्थानक बांधण्याचे काम पडले. बाथमध्ये राहिले असते तर त्या वयात त्यांना एखादे चॅपल किंवा शाळेची पडवी मिळाली असती, आणि तीही मालकाच्या नावाने.

विल्यम एमर्सन यांची कथाही याच वळणाची आहे. विल्यम बर्जेस यांनी स्कूल ऑफ आर्टसाठी केलेले आराखडे घेऊन ते मुंबईत आले. ते आराखडे फार खर्चिक ठरल्याने बांधले गेलेच नाहीत. एमर्सन मात्र इथेच थांबले, क्रॉफर्ड मार्केट त्यांच्याकडे आले आणि पुढे ते लंडनच्या त्या मानाच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. मुंबईने त्यांना जे दिले ते शिक्षण नव्हे, संधी दिली.

आणि ही झाली उमेदवारी केलेल्यांची गोष्ट. सचिवालय आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचे कार्यालय रचणारे कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स व उच्च न्यायालय रचणारे कर्नल जेम्स फुलर हे लष्करी इंजिनिअर. विल्किन्स ॲडिसकोम्बच्या कंपनीच्या लष्करी विद्यालयातून आले होते, जिथे मुख्य भर तटबंदी, सुरुंग, पूल आणि मोजणी यांवर असे. असे अधिकारी आपल्याकडे गॉथिक कमानी, जिने आणि शिखरे काढत बसले, कारण काम त्या खात्याकडे होते आणि खात्यात ते वरच्या पदावर होते. उच्च न्यायालयाकडे ओव्हल मैदानाच्या बाजूने पाहिले की एखादा जर्मन गढीकिल्ला पाहिल्याचा भास होतो, तो मला अगदीच अकारण वाटत नाही.

सांगायचे ते इतकेच की त्या काळात मुंबईत वास्तुविशारद कोण, याचे उत्तर प्रमाणपत्र देत नव्हते, हुद्दा देत होता. त्या काळचे सरकारी वास्तुविशारद जॉन ॲडम्स यांच्या पदाचे नाव 'आर्किटेक्चरल एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर अँड सर्व्हेअर टू गव्हर्न्मेंट' असे होते. त्या नावात आर्किटेक्चर हे इंजिनिअरच्या आधी लावलेले विशेषण आहे, हे लक्षात घेतले तर पुढचे बरेच उलगडते.

कातळशिल्प :

गॉथिकवेडा यांच्याशी मी सहमत आहे. हाच धागा पुण्याच्या बाजूने पुढे नेतो.

पुण्याचा १८५४ चा वर्ग कशासाठी निघाला होता हे आधी पाहावे. बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाचे अधिकारी हवे होते, म्हणजे ओव्हरसियर (कामावर देखरेख करणारे), सर्व्हेअर (मोजणी करणारे) आणि अंदाजपत्रके करणारी माणसे. विलायतेतून प्रत्येक ओव्हरसियर आणणे परवडणारे नव्हते, म्हणून तो वर्ग. पुढे तो मुंबई विद्यापीठाशी जोडला गेला, महाविद्यालय झाला, नावे बदलत गेली, पण त्याच्या अभ्यासक्रमाला पहिले वळण मिळाले ते या गरजेतून. तिथून बाहेर पडणारा हुशार मुलगा भिंतीची जाडी काढू शके, चुन्याचे प्रमाण सांगू शके, कंत्राटदाराचे बिल तपासू शके. दर्शनी भागाची रचना करण्याचे काम त्याच्याकडे येईल ही अपेक्षाच कोणी धरलेली नव्हती, त्यामुळे ते शिकवण्याचीही कोणाला गरज वाटली नाही.

तरीही त्यातल्या काहींनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचे ग्रंथालय यांचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. हे गृहस्थ आयुष्यात मुंबईला आले नाहीत. लंडनहून नकाशे यायचे आणि इथे त्यांचे दगडात रूपांतर व्हायचे. त्या मनोऱ्याच्या वरच्या भागात पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे उभे आहेत. त्यांच्या पगड्या, अंगरखे, उभे राहण्याच्या ढबी, उपरणे खांद्यावर टाकण्याच्या तऱ्हा बारकाईने पाहाव्यात, जमल्यास दुर्बिणीतून. हे पुतळे घडवले ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या असिस्टंट इंजिनिअरांनी, आणि कोरले गेले ते पोरबंदरी दगडात. त्या मनोऱ्याला इथल्या मातीशी बांधणारा जो भाग आहे तो या माणसाचा. त्यांचा हुद्दा मात्र असिस्टंट इंजिनिअरचा होता, म्हणून पुस्तकांत मनोरा एकट्या स्कॉट यांचा.

खानबहादूर मंचेरजी मर्झबान हे दुसरे उदाहरण. तट पाडण्यासाठी नेमलेल्या समितीचे वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ यांच्या हाताखाली ते तयार झाले. आज जिला आपण एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत म्हणतो तिचा आराखडा ट्रबशॉ यांचा आणि बांधणी मर्झबान यांची. पुढे ते मुंबई महापालिकेचे कार्यकारी अभियंता झाले, फोर्टातल्या रस्त्याला त्यांचे नाव मिळाले. एका हिंदी माणसाला त्या काळी जितके वर जाता येत होते तितके ते गेले. तो जिना कार्यकारी अभियंत्यापाशी संपत होता.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांचे आहे. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या बांधकामावर ते स्टीव्हन्स यांचे असिस्टंट इंजिनिअर होते, एम. एम. जनार्दन पर्यवेक्षक होते. पुढे समोरच्या महापालिकेच्या इमारतीवरही आराखडा स्टीव्हन्स यांचा आणि प्रत्यक्ष जागेवर वैद्य, कंत्राट व्यंकू बाळोजी काळेवार यांचे. म्हणजे बोरीबंदरच्या चौकात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही इमारतींच्या दगडादगडावरून ज्याची नजर फिरली तो माणूस हा. स्टीव्हन्स टेबलावर जे शिकले होते ते वैद्य पंधरा वर्षे परांच्यांवर उभे राहून शिकले. यापेक्षा चांगले शिक्षण त्या शहरात दुसरे कोणते असू शकत होते?

आणि त्याचे फळ केव्हा मिळाले? सरकार आणि रेल्वे सोडून तिसरा गिऱ्हाईक उभा राहिला तेव्हा. जमशेटजी टाटांनी ताजमहाल हॉटेलचे काम वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांना दिले. वैद्य यांचे निधन काम पुरे होण्याआधीच झाले, डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेले आणि डिसेंबर १९०३ मध्ये हॉटेल उघडले. (ते उलटे बांधले गेले आणि ते पाहून वास्तुविशारदाने जीव दिला, ही कथा कृपया विद्यार्थ्यांना सांगू नये. गाइड लोकांचे पोट तिच्यावर चालते, तेवढा तिचा उपयोग पुरे.) वैद्य यांची पात्रता १९०० साली अचानक वाढली नव्हती. नेमणूक करणारा बदलला होता.

अनघा :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वैद्य यांचे उदाहरण माझ्या टिपणाचा मध्यबिंदू होऊ शकेल. आता स्कूल ऑफ आर्ट, म्हणजेच जे.जे.बद्दल कोणी लिहील का? तिथे चित्रकार, शिल्पकार घडत होते, टर्मिनसची नक्षी विद्यार्थ्यांनी केली, हे सर्वज्ञात आहे. मग तिथून वास्तुविशारद इतक्या उशिरा का बाहेर पडले?

ट्रेसिंगपेपर :

मी स्वतः जे.जे.चा आणि पेशाने वास्तुविशारद, त्यामुळे थोडे पक्षपाती वाटेल, पण लिहितो.

टर्मिनसच्या वेळी जे.जे.चे विद्यार्थी तिथले अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली दगडातली पाने-फुले, पशुपक्षी, लोखंडी कठडे आणि पितळी काम यांचे नमुने तयार करत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची उठावशिल्पे लॉकवुड किपलिंग यांची, आणि ते १८६५ मध्ये इथे आले तेच वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून. शाळेकडून शहराला काय हवे होते ते यात स्पष्ट आहे. आराखड्याचा मालक बांधकाम खात्यात बसलेला होता आणि त्याला हवे होते ते कोरणारे हात. शाळेने ते पुरवले आणि फार उत्तम पुरवले. टर्मिनसच्या घुमटावरची प्रगतीची मूर्ती आणि फाटकावरचे सिंह-वाघ मात्र लंडनच्या टॉमस अर्प यांच्याकडून करवून घेतले, म्हणजे कोरीव कामातही मानाचे पान कोणाला वाढायचे ते ठरलेलेच होते.

एकोणिसावे शतक संपता संपता जे.जे.मध्ये ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला. हाही पुन्हा गरजेतून. प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, रस्ते आणि वसाहती आखायला सुरुवात झाली आणि सर्व कार्यालयांना नकाशे उतरवणारी माणसे कमी पडू लागली. जॉन बेग मुंबई सरकारचे कन्सल्टिंग आर्किटेक्ट (सल्लागार वास्तुविशारद) म्हणून १९०१ मध्ये आले. या पदाचे महत्त्व असे की वास्तुविशारद हा आता इंजिनिअरच्या हुद्द्यापुढचे विशेषण राहिला नाही, त्याला स्वतःची खुर्ची मिळाली. त्या खुर्चीच्या आसपास शिक्षण जमू लागले. बेग यांचे मदतनीस म्हणून १९०४ मध्ये आलेले जॉर्ज विटेट हे पुढे त्याच पदावर बसले आणि १९०८ मध्ये वास्तुकलेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९१३ मध्ये रॉबर्ट केबल पूर्ण वेळचे प्रमुख म्हणून आले आणि मग सरकारी पदविका मिळवलेली पहिली तुकडी बाहेर पडली.

या पहिल्या तुकडीने जे केले त्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. १२ मे १९१७ रोजी त्यांनी विटेट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांची एक संघटना स्थापन केली. १९२२ मध्ये तिचे बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाले, १९२५ मध्ये ती लंडनच्या संस्थेशी संलग्न झाली आणि १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या नावाने नोंदली गेली. हातात पदविका होती, पण ती दाखवायची कोणाला? सरकारी खात्यात वरच्या जागा मोजक्या, महापालिकेत नकाशे सादर करायला परवानाधारक सर्व्हेअर पुरेसा होता आणि घरमालक नेहमीच्या मिस्त्रीवर खूष होता. म्हणून पदविकेला वजन यावे यासाठी आधी संस्था उभारावी लागली. आमच्या व्यवसायाचा खरा आरंभ मी १८५७ मध्ये किंवा १९०८ मध्ये न धरता १९१७ मध्ये धरतो.

क्लॉड बॅटली १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षे विभागप्रमुख होते आणि त्याच वेळी ग्रेगसन, बॅटली अँड किंग या नामांकित कार्यालयात भागीदारही होते. शिकवणारा स्वतः रोज बांधतो आहे, याचा परिणाम वर्गावर झाल्याशिवाय राहत नाही. ते विद्यार्थ्यांना घेऊन जुन्या वाड्यांची, देवळांची, मशिदींची मोजमापे घ्यायला जात आणि ती चित्रे काढून घेत. मी उमेदवारी केली त्या कार्यालयाचे मालक १९३० च्या दशकाच्या शेवटी जे.जे.त होते. त्यांच्या कपाटात त्यांनी विद्यार्थिदशेत काढलेले ताव होते : एकावर ग्रीक स्तंभांचे माथे, चिनी शाईच्या एकावर एक दिलेल्या पातळ हातांनी सावली उतरवलेली, आणि त्याच्याच खाली एका गुजराती हवेलीची लाकडी तुळई, प्रत्येक कंगोऱ्याचे माप इंच आणि सुतात लिहिलेले. एकाच मुलाने एकाच वर्षात दोन्ही काढले होते. तो ट्रेसिंग कापडाचा ताव तेव्हा पिवळा पडला होता, पण रेघ अजून वस्तऱ्यासारखी होती. दिवसा ते एका कार्यालयात नकाशे उतरवण्याची नोकरी करत, त्यामुळे जिना कुठे अडतो आणि मोरीचा पाइप कुठून न्यायचा, हे त्यांना वर्गात शिकवावे लागले नाही.

पण तरीही अनघाताईंच्या प्रश्नाचे उत्तर यात पुरते येत नाही, कारण अशी तयार माणसे दरवर्षी बाहेर पडत असतानाही त्यांना काम देणारा हवाच होता. तो काम देणारा म्हणजे मुंबईतला भाडेकरू.

हे जरा सविस्तर सांगतो. सारस्वत मंडळींनी गावदेवीला १९१५ मध्ये सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. दादर, माटुंगा, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, शिवाजी पार्क येथे ट्रस्टने आखलेले भूखंड उपलब्ध झाले. बॅकबेच्या भरावावर मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या पश्चिमेची रांग उभी राहिली, जिथे इमारतीची उंची आणि दर्शनी रेषा आधीच ठरवून दिलेली होती. चाळीतून निघून ब्लॉकमध्ये जाऊ पाहणारा कारकून, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्यासाठी दोन-तीन खोल्या, स्वतंत्र न्हाणीघर आणि संडास अशी आखणी एका ठरावीक भूखंडावर, ठरावीक भाडे सुटेल अशा बेताने बसवायची होती. आरसीसीमुळे (लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटमुळे) भिंती पातळ झाल्या, गच्च्या बाहेर काढता आल्या, कोपरे गोल करता आले. हे काम सरकारी कन्सल्टिंग आर्किटेक्टचे नव्हते आणि मिस्त्रीच्याने होणारे नव्हते. पदविकाधारकाला पहिल्यांदाच अशी जागा सापडली, जिथे त्याच्यापेक्षा वरचा किंवा स्वस्त पर्याय नव्हता.

गजानन बाबूराव म्हात्रे यांच्या कामाकडे या नजरेने पाहावे. १९०२ चा जन्म. लंडनला जाऊन त्यांनी तिथल्या संस्थेची पात्रता मिळवली आणि परत येऊन त्यांनी बांधले काय, तर मुख्यतः भाड्याच्या इमारती. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा १९३७ चा सूना महाल, ओव्हलसमोरचे एम्प्रेस कोर्ट. स्टीव्हन्स यांची पिढी स्थानके आणि न्यायालये बांधून नावारूपाला आली, म्हात्रे यांची पिढी बाल्कनी, जिन्याची खिडकी आणि प्रवेशाचा उंबरठा यांवर. दुसरे आश्रयदाते विमा कंपन्या. न्यू इंडिया ॲश्युरन्सची १९३६ ची इमारत मास्तर, साठे आणि भुता यांची, तिच्या दर्शनी भागावरच्या भव्य आकृती एन. जी. पानसरे यांच्या. स्वदेशी भांडवलाला स्वदेशी वास्तुविशारद नेमण्यात भूषण वाटू लागले होते, हेही त्यात आले. तिसरे गिऱ्हाईक सिनेमागृहे. गंमत म्हणजे १९३३ चे रीगल रचणारे चार्ल्स स्टीव्हन्स हे व्हिक्टोरिया टर्मिनस रचणाऱ्या स्टीव्हन्स यांचेच चिरंजीव, आणि १९३८ चे इरॉस सोराबजी भेदवार यांचे. म्हणजे तिथे गोरा वारसदार आणि पारशी वास्तुविशारद एकाच बाजारात उभे होते.

१९३७ च्या नोव्हेंबरात इन्स्टिट्यूटने टाउन हॉलमध्ये आदर्श घरांचे प्रदर्शन भरवले. त्याचा हेतू जितका लोकशिक्षणाचा होता तितकाच गिऱ्हाईक मिळवण्याचा, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पेरीन मिस्त्री यांचा उल्लेख राहू नये. त्यांनी १९३६ मध्ये जे.जे.ची पदविका घेतली. या देशात वास्तुकलेची पदविका घेणाऱ्या पहिल्या महिला त्या मानल्या जातात. वडिलांच्या भागीदारीतल्या डिचबर्न, मिस्त्री अँड भेदवार या कार्यालयात त्या रुजू झाल्या. वडिलांचे कार्यालय नसलेल्या त्यांच्या वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलीला त्या काळात कोणी नोकरीवर ठेवले असते का, याबद्दल मला शंका आहे.

करवीरकर :

चर्चा वाचनीय आहे, पण सगळी मुंबईभोवती फिरते आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

संस्थानांत चित्र वेगळे होते. कोल्हापूरचा न्यू पॅलेस रचणारे मेजर चार्ल्स मँट हेही लष्करी इंजिनिअरच. पण त्यांना इथे गिऱ्हाईक मिळाले ते दरबार. त्यामुळे मुंबईच्या खात्यात वावरणाऱ्यांना न मिळणारी मोकळीक त्यांना मिळाली आणि त्यांनी इकडच्या घुमट-छत्र्यांचा वापर मनापासून केला. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही त्यांचा. १८८१ मध्ये ते गेल्यावर मद्रासहून आलेल्या रॉबर्ट चिझम यांनी तो पुरा केला. हे चिझम मद्रासमध्ये सरकारचे कन्सल्टिंग आर्किटेक्टही होते आणि तिथल्या कलाशाळेचे प्रमुखही, म्हणजे मुंबईने विसाव्या शतकात जे केले ते मद्रासने कितीतरी आधी केले होते. आणि सयाजीरावांनी बडोद्यात १८९० मध्ये कलाभवन काढले, ते कोणत्याही खात्याच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी नव्हते. तेव्हा शिक्षण हे नेहमी नोकरीच्याच मागून येते, हे म्हणणे मला एकांगी वाटते.

गॉथिकवेडा :

करवीरकरांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. माझे म्हणणे मी मुंबईपुरते मर्यादित ठेवतो, पण सोडत नाही. मद्रासमध्ये पद आणि शाळा एकाच माणसाकडे असूनही तिथून भारतीय वास्तुविशारदांची फळी त्या काळात तयार झाली नाही. उलट पुढे, १९३२ मध्ये, मद्रासमध्ये स्वतःचे कार्यालय काढून नावारूपाला आले ते जे.जे.त शिकलेले लक्ष्मण महादेव चितळे, आणि ते इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे अध्यक्षही झाले. दरबाराचा आश्रय इंग्रज इंजिनिअरला मोकळीक देऊ शकत होता, पण हाताखालच्या ओव्हरसियरला तो वास्तुविशारद करत नव्हता. त्यासाठी एकाच गावात अनेक गिऱ्हाइके लागतात, एकाने नाकारले तर दुसरा दरवाजा ठोठावता येईल इतकी. एका महाराजाच्या गावात ते शक्य नव्हते.

स्वातंत्र्यानंतर तर सरकार पुन्हा मोठे गिऱ्हाईक झाले. आचऱ्याचे अच्युत कानविंदे जे.जे.तून बाहेर पडले, सरकारी शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेले आणि परत येऊन वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे वास्तुविशारद झाले. प्रयोगशाळा बांधायच्या होत्या, म्हणून ते पद निघाले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामाला जे वळण लागले ते तिथे. त्यांच्या बुद्धीबद्दल वाद नाही. पण ती बुद्धी दादरच्या ब्लॉकवर खर्च झाली असती तर आपण आज त्यांच्याबद्दल वेगळे लिहीत असतो.

कातळशिल्प :

अनघाताई, टिपणासाठी एक व्यावहारिक सूचना. इमारतीपासून सुरुवात केली तर प्रत्येक वेळी आराखड्याखालचे एकच नाव हाती येते, म्हणून शोध हुद्द्यांपासून सुरू करावा. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या वार्षिक अहवालांत एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, असिस्टंट, कंत्राटदार यांची नावे कामागणिक पाहत जावे, आणि एकच नाव वीस वर्षांत किती वेगवेगळ्या कामांवर येते याची यादी करावी. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसून हे करता येते. १९३४ नंतरच्या काळासाठी इन्स्टिट्यूटचे नियतकालिक हाच मोठा आधार आहे, त्यातल्या लेखांइतक्याच सिमेंट, फरशी आणि लिफ्टच्या जाहिराती वाचाव्यात, कारण कोणत्या इमारतीला कोणी काय पुरवले ते तिथे वास्तुविशारदाच्या नावासह छापलेले असते. आणि विद्यार्थ्यांना राजाबाई टॉवरखाली नेणार असाल तर सकाळी लवकर न्यावे, त्या वेळी पूर्वेकडच्या पुतळ्यांच्या पगड्या नीट दिसतात.